दोन तारांची परीक्षा

रविवार, ४ फेब्रुवारी

आज चिठ्ठ्या निघाल्या. फ्रेमवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही सातही जण वेळेवर हजर. एरवी महिन्याच्या बैठकीला अर्धा तास उशिरा उगवणारी मंडळी चिठ्ठ्यांच्या दिवशी मात्र जिन्यात रांग लावतात. पोटापाण्याचा उद्योग प्रत्येकाचा वेगळा. फ्रेमवाला तसबिरींना चौकटी करतो, दंतवैद्य दात काढतो, सुतारीणबाई कपाटं बनवतात, मी चष्मे बसवतो. पण सुट्टीच्या दिवशी सगळे लाकडाचा ठोकळा घेऊन तंबाखू ओढायचे पाईप कोरत बसणारे. घरच्यांच्या मते बिनकामाचे.

अकरा वर्षांत नियम बदललेला नाही. टोपीत सात नावं. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी गुपचूप एक पाईप करायचा, याच वर्षी, स्वतःच्या हातानं, पहिल्या भोकापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत. एप्रिलच्या शेवटी सगळे पाईप टेबलावर मांडायचे. करणाऱ्याचं नाव कशावरच नाही. कोणता कोणी केला ते बाकीच्यांनी ओळखायचं. माझा ओळखायला आजवर कोणाला मिनिटभरही लागलेलं नाही. तोंडात धरायच्या नळीचं टोक मी असं घासतो की तोंडात काही आहे हे दातांना कळू नये. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. थोडी बढाई म्हणून लिहितो.

चिठ्ठी उघडली. भूमितीमास्तर.

मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. छातीच्या दुखण्यापायी तीन वर्षांपूर्वी त्यांची तंबाखू बंद झाली. तेव्हापासून ते पाईप ओढत नाहीत, नुसते तपासतात. टेबलावरचा प्रत्येक पाईप उचलायचा, साफ करायच्या दोन केसाळ तारा एकदम नळीत घालायच्या. दोन्ही न अडता वाटीच्या तळाशी निघाल्या तर "पास". अडल्या की सगळ्यांदेखत "नापास". दंतवैद्य दोनदा नापास झालाय. मी एकदाही नाही. आणि यंदा पाईप खुद्द परीक्षकासाठी.

काचांच्या कंपनीनं दिलेली ही डायरी, दिवसाला एक पान. जानेवारीत माझं म्हणणं पानात मावत नव्हतं, समासात शिरत होतं. आता एवढं लिहूनही खाली जागा उरलीय. वयाबरोबर माणूस काटकसरी होतो तो असा.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज मालकांनी मला काउंटरवर बसवलं. म्हणाले, "काका, गिऱ्हाइकांशी तुमच्यासारखं गोड कोणाला बोलता येत नाही. मागच्या टेबलाचं मी बघतो." मालक वयानं माझ्या पुतण्याएवढे. तीस वर्षं मान मोडून बारीक कामं केली, आता कोणालातरी माझ्या जिभेची किंमत कळली म्हणायची.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ही ग्रंथालयात काम करते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा आगापिछा विचारायची सवय. "अचानक कसं काय?" म्हणाली. मी म्हटलं, बढतीला काय कारण लागतं?

परवा एका बाईंच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू माझ्या हातून दोनदा पडला आणि तिसऱ्यांदा मालकांनीच बसवला. पण त्याचा इथे काही संबंध नाही. हल्ली स्क्रूच गुळगुळीत येतात.

रविवार, १८ फेब्रुवारी

पहिला ठोकळा गेला.

आम्ही ब्रायर वापरतो. एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ, दगडासारखी टणक, विस्तवालाही दाद देत नाही. माझ्याकडे तीन ठोकळे होते. आज एक शिकंज्यात धरला, पण नीट धरल्यासारखा वाटेना, म्हणून आणखी एक पीळ दिला. मग आणखी एक. टक् करून चीर गेली. लाकडातच दोष असणार. विकणारे हल्ली काहीही गळ्यात मारतात.

रविवार, २५ फेब्रुवारी

दुसराही गेला. आता जरा डोकं थंड करून लिहितो.

पाईपात खरं काम दोन भोकांचं. एक वरून, मोठं, ती तंबाखूची वाटी. दुसरं दांडीतून आडवं, बारीक, धुरासाठी. हे दुसरं बरोब्बर वाटीच्या तळाच्या मध्यावर फुटलं पाहिजे. पूर्वी आम्ही ते तीन मिलिमीटरचं पाडत असू. मास्तरांचं म्हणणं की तेवढ्यात श्वास कोंडतो. सहा वर्षांपूर्वी त्यांनी भांडभांडून चारचं करायला लावलं आणि दोन तारांची परीक्षाही तेव्हापासूनचीच. तीनच्या बाजूनं सगळ्यात जास्त घसा मी कोरडा केला होता. हरलो, तेव्हापासून निमूटपणे ड्रिलला चारचं बिट लावतो.

आजही चारचंच लावलं. वाटी छान झाली. आडवं भोक पाडायला घेतलं आणि ड्रिल भरकटलं. दांडीच्या कुशीतून पात्याचं टोक बाहेर.

ड्रिलचं बेअरिंग गेलंय. त्याशिवाय असं होणार नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला येऊन गेला. यंत्र उघडलं, फिरवलं, तेल घातलं, म्हणाला, "ठणठणीत आहे." मी म्हटलं, नीट बघा. त्यानं नीट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही जरा पाणी प्या, काका." मला पाणी प्यायला सांगायला बोलावलं होतं का याला?

मंगळवार, ५ मार्च

सापडलं. डोळे.

इतकी साधी गोष्ट आणि ती चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्याला सुचू नये. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा स्वतःच स्वतःची तपासणी केली. यंत्र म्हणतं नंबर तोच आहे. पुन्हा केली. तोच. तिसऱ्यांदा मालकांकडून करून घेतली. ते म्हणाले, "काका, तोच आहे, पाव नंबरचाही फरक नाही." तरी मी पाव नंबर वाढवून काचा टाकायला सांगितल्या. यंत्राला काय कळतंय, बघायचं मला आहे.

येताना ही बाजारात भेटली. सोबत चालत आलो. मध्येच म्हणाली, "अहो, उजवा हात असा धरून का चालता? दुखतोय का?" मी म्हटलं, कसा धरून? "असा. हलवतच नाही तुम्ही." आता चालताना हात किती हलवायचा याचाही हिशेब द्यायचा. मी दोन्ही हात शिपायासारखे जोरजोरात हलवत घरापर्यंत आलो. हिला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

रविवार, १० मार्च

गॅलरीत बसून आठवड्याचा एकुलता एक पाईप ओढला. तंबाखूला वास म्हणून नाही. दुकानदाराकडे डबा परत घेऊन गेलो. त्यानं झाकण उघडून नाकाशी नेला, डोळे मिटले, म्हणाला, "अहो, घमघमतोय की." सगळे दुकानदार सारखे, आपल्या मालाला नावं कोण ठेवेल?

बुधवार, १३ मार्च

आज घरात वाजलं.

तिसरा ठोकळा काढला होता. सात वर्षं जपलेला, सुती फडक्यात गुंडाळून. त्याच्या रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ उभ्या, एकही गाठ नाही. असा ठोकळा पुन्हा हाती लागेल असं नाही. मी तो नुसता हातात घेऊन बसलो होतो. ही दारात आली, म्हणाली, "मी धरू का? तुम्ही ड्रिल चालवा, मी धरते."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही. धरायला कशाला कळायला लागतं?"

"स्वतःच्या हातानं करायचा असतो. नियम आहे."

"हाताचंच म्हणतेय मी," ती म्हणाली. मग टेबलावर एक कागद ठेवला. सामानाची यादी, सकाळी मीच तिला लिहून दिलेली. "हे वाचा. दुकानात मला वाचता आलं नाही. पहिला शब्द कळतो, मग बारीक बारीक होत जातं. शेवटी नुसत्या मुंग्या. मी दिवसभर लोकांची अक्षरं लावते हो. तुमचं अक्षर असं नव्हतं."

मी म्हटलं, घाईत लिहिलं होतं. ती म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, अक्षर सुधारायला डॉक्टरकडे जायचं? त्यांचं स्वतःचं कोणाला लागतंय? विनोद चांगला होता. ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

रविवार, २४ मार्च

नवा चष्मा लावून, सगळ्या खिडक्या उघडून, भर दुपारी तिसरा ठोकळा ड्रिलखाली घेतला. वाटी जमली. मग आडवं भोक. श्वास रोखून धरला. पाव इंच आत जायचं, थांबायचं, परत पाव इंच. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं होतं. का धरलं होतं ते मला ठाऊक नाही, आपोआप गेला हात.

भोक आरपार झालं. ठोकळा फुटला नाही. पण तारेनं पाहिलं तर ते तळाच्या मध्यावर नाही, वर आणि डावीकडे फुटलंय. वाकडं. भूमितीमास्तरांसाठी वाकडं.

बाहेरून अजून देखणा आहे. मला त्याच्याकडे बघवेना. फडक्यात गुंडाळून ठेवून दिला.

सोमवार, २५ मार्च

माघार घ्यावी का? फ्रेमवाल्याला सांगावं, यंदा जमत नाही म्हणून? अकरा वर्षांत एकानंही माघार घेतलेली नाही. आणि काय कारण सांगू?

काय कारण आहे?

रविवार, ७ एप्रिल

दोन आठवडे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे होतं, पण लिहायला जिवावर येत होतं.

आज कपाटात खालच्या कप्प्यात एक जुना पाईप सापडला. सापडला कसला, तिथे तो आहे हे मला ठाऊकच होतं. नऊ वर्षांपूर्वी मीच केलेला, कोणालाच न दिलेला. इतका जमला होता की द्यायचं मनच झालं नव्हतं. नळीचं टोक कागदाइतकं पातळ. हे माझ्या हातांनी केलंय, यावर आज विश्वास बसायला वेळ लागला.

हात माझेच होते. काम माझंच आहे. फक्त वर्ष चुकीचं आहे. लाकडावर काही वर्ष छापलेलं नसतं.

इतकंच लिहून ठेवतो. बाकी नंतर ठरवू.

शनिवार, २० एप्रिल

ठरवलं. नळीचं काळं रबर इतक्या वर्षांत हिरवट झालं होतं, ते घासून पुन्हा काळं कुळकुळीत केलं. लाकडाला मेण लावलं. डबीत घातला आणि फ्रेमवाल्याकडे पोचता केला. तो म्हणाला, "वजनावरूनच कळतं कोणाचा आहे ते." मी हसलो. जिना उतरताना मात्र कठड्याला धरून उतरलो. सारखं वाटत होतं, कोणीतरी मागून हाक मारणार आहे.

हिनं विचारलं, "झाला का मास्तरांचा पाईप?" चिठ्ठीतलं नाव मी तिला कधी सांगितलं होतं, आठवत नाही. मी म्हटलं, झाला. "तो फडक्यातला?" मी म्हटलं, हो. हिच्याशी खोटं बोललो. पाईपाचं खोटं मला गिळता आलं, हे अजून घशातच आहे.

रविवार, २८ एप्रिल

आज पाईप उघडले.

सात पाईप टेबलावर, हिरव्या कापडावर. माझ्या पाईपापाशी आल्याबरोबर सगळे एकसुरात म्हणाले, "काचवाले." मला इथे तेच नाव आहे. सुतारीणबाईंनी नळीच्या टोकावरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "हे मला दहा वर्षांत तरी जमेल का हो?" दंतवैद्य म्हणाला, "हात आहे का काय आहे." मी चहाचा कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसेना. त्या खोलीतलं टेबल एका पायानं लंगडं आहे, कितीदा सांगितलंय फ्रेमवाल्याला.

फक्त मास्तरांनी माझं नाव घेतलं नाही. पाईप त्यांच्यासाठी आहे हे कळल्यावर त्यांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, खिशातून दोन तारा काढल्या. नळीत घातल्या. जरा थांबले. मग तारा बाहेर ओढल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"पास," म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तारा वाटीतून बाहेर निघालेल्या मी काही पाहिल्या नाहीत. मास्तर हल्ली नीट तपासतही नाहीत. त्यांची नजर अधू होत चाललीय. एकदा दुकानात बोलवायला हवं त्यांना.

सोमवार, २९ एप्रिल

दाढी करताना हात थांबला. साबण गालावर तसाच.

तीन मिलिमीटर.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही तीनचं भोक पाडत होतो. तीनच्या भोकातून एक तार जाते, दोन जात नाहीत. जाऊच शकत नाहीत. ज्या तीनसाठी मी घसा फोडून भांडलो, तेच मी विसरलो, आणि ज्यांनी मला त्यात हरवलं त्यांच्याच हातात तो पाईप नेऊन दिला.

मास्तरांच्या बोटांना ते कळलं नसेल हे शक्य नाही. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाला अर्ध्या मार्कानं पुढे ढकललं नाही. स्वतःच्या भाच्यालाही नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि मला पास केलं.

दिवसभर दुकानात दाराकडे बघत होतो.

शनिवार, ४ मे

ते आज आले. मालक जेवायला गेलेले, दुकानात मी एकटा. मला वाटतं, त्यांनी समोरच्या फुटपाथवर उभं राहून मालक जायची वाट पाहिली.

चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "काडी ढिली झालीय. स्क्रू आवळून दे."

मी म्हटलं, "मालक आले की देतो मास्तर. मी हल्ली मागचं काम करत नाही."

"मी तुझ्याकडे आलोय," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

स्क्रू बाहेर काढला, आणि तो काचेवर पडला. उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा घरंगळत जमिनीवर गेला आणि मी गुडघ्यांवर बसून तो शोधला. कपाळाला घाम. वर पाहिलं तर मास्तर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसलेले, चष्म्याशिवाय, म्हणजे वाचत नव्हते. "सावकाश," म्हणाले. "मला आता कुठल्या तासाला जायचं नाही." पाचव्यांदा बसला स्क्रू.

चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी खिशातून डबी काढली. माझाच पाईप.

"भोक तीनचं आहे."

मी म्हटलं, "मग पास का म्हणालात?"

"खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा असं खोटं बोललो, आणि मला ते पचलेलं नाही. म्हणून आलो." डबी काउंटरवर ठेवली. "सहा महिने तुझा कप बशीत वाजतोय. आम्हाला सगळ्यांना ऐकू येतो. तुला येत नाही?"

"टेबल लंगडं आहे ते."

"मग आमचेही कप वाजायला हवेत."

ते बोलायचे थांबले नाहीत, शिकवणारा माणूस मध्येच थांबत नाही. "त्या दिवशी तारा अडल्या तेव्हा आधी राग आला. मग तुझ्याकडे पाहिलं. तू एका हातानं दुसरा हात धरून बसला होतास. मला भीती वाटली रे. म्हणून पास म्हणालो. माझं चुकलं. माणूस परीक्षेला बसलेला असताना त्याची कीव करायची नसते."

मला रडू फुटलं. दुकानात, काउंटरवर, भर दिवसा. ज्या काउंटरवर मला गोड बोलायला बसवलंय त्याच काउंटरवर. आणि तेव्हाच मला कळलं की मला तिथे का बसवलंय.

मास्तरांनी रुमाल पुढे केला. "यंदाचा पाईप कुठाय?"

"वाकडा आहे. भोक वर गेलंय, डावीकडे."

"असू दे. चिठ्ठी माझी निघाली होती. मला माझा पाईप हवाय. हा तुझा, तुझ्याकडे ठेव." डबी माझ्याकडे सरकवली आणि उठले. दारातून मागे वळून म्हणाले, "आणि घरी सांग. तिला ठाऊक असणारच, पण तू सांग."

घरी आलो. हिला सगळं सांगितलं, पाईपाचं खोटंसुद्धा. मग म्हटलं, "अगं, हात माझं ऐकत नाही." हे वाक्य बोलायला मला तीन महिने लागले. ही म्हणाली, "पुढच्या शनिवारची वेळ घेऊन ठेवलीय मी डॉक्टरांची. मार्चपासून तीनदा पुढे ढकलली."

शनिवार, ११ मे

डॉक्टरांनी बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. वाक्य बघून हिच्याकडे वळले आणि विचारलं, "वास येतो का यांना?" मला तंबाखूवाला आठवला. त्याची माफी मागायला हवी. दुरुस्तीवाल्याचीही. ठोकळे विकणाऱ्याचीही. यादी बरीच मोठी होईल.

कंपवात. नाव साधं आहे. बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, असं म्हणाले. मी विचारलं, पाईप करता येतील का? ते म्हणाले, "करत राहा. हात वापरत राहा. आणि लिहा. अक्षर मुद्दाम मोठं काढायचं, ओळ सोडून."

रिक्षात ही माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून बसली. तो तिच्या हातातही हलत होता. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो, जसं काही नवीन कोणी घरी आणलंय.

मला भीती वाटते. हे मोठ्या अक्षरात लिहिलंय.

रविवार, १९ मे

फडक्यातून तिसरा ठोकळा काढला. भोक पुन्हा पाडता येत नाही, जे झालं ते झालं. बाहेरचा आकार द्यायचा राहिला होता आणि नळी.

हिला म्हटलं, "धरतेस का?" एवढंच. हिनं पदर खोचला आणि शिकंज्याशी येऊन उभी राहिली.

सकाळच्या गोळीनंतर तासाभरानं हात बरा चालतो. तेवढ्यात कानस फिरवायची, मग थांबायचं. पाचदा थांबलो. हिला मी तीनदा ओरडलो, "घट्ट धर", आणि ती एकदा मला ओरडली, "बोट आहे ते माझं." नळी तिनं टेबलाच्या कडेशी दाबून धरली, मी घासली. टोक नेहमीइतकं पातळ झालं नाही. दातांना कळेल.

ही म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही इथे एकटे काय करत होतात, ते आज कळलं." मी म्हटलं, काय कळलं? "खोकत होतात. केवढा हा भुसा."

रविवार, २६ मे

महिन्याची बैठक. चहा आला तेव्हा मी कप डाव्या हातानं उचलला आणि कोणी काही बोलायच्या आत उभा राहिलो.

म्हटलं, एप्रिलमध्ये मी ठेवलेला पाईप नऊ वर्षांपूर्वीचा होता. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या नऊ वर्षांपूर्वीच्या माणसाला. यंदाचा हा. मग आजाराचं नाव सांगितलं. पाठ केलेलं भाषण होतं, पण आवाज मध्येच घसरला.

दंतवैद्य खिडकीकडे बघायला लागला. शेवटी फ्रेमवाला, बिचारा नियमांचा माणूस, चाचरत म्हणाला, "हा पूर्ण स्वतःच्या हातानं केलाय ना?"

मी म्हटलं, "नाही. धरायला बायको होती."

दंतवैद्य खिडकीकडे बघतच म्हणाला, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली की हात वेगळे मोजत नाहीत. लिही तसं नियमात." तेव्हा कुठे लोक हसले.

पाईप मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, दांडीवरून बोट फिरवलं. रेषा पाहिल्या. नळीचं टोक पाहिलं. मग खिशातून दोन तारा काढल्या. खोलीत कोणी हललं नाही, माझा हात सोडून.

तारा नळीतून गेल्या, दांडीतून गेल्या आणि अडल्या. मास्तरांनी जोर केला नाही. हलकेच पिळल्या. एक तार वाटीत आली, भिंतीतून, वर, डावीकडे. दुसरी आलीच नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नाही आली. तारा काढून त्यांनी सरळ केल्या, खिशात ठेवल्या आणि माझ्या डोळ्यांत बघितलं.

"नापास," म्हणाले.

सुतारीणबाई ताडकन उठल्या. "मास्तर, अहो, आज तरी."

"आज तरी म्हणजे काय? भोक तळापासून वर आहे आणि डावीकडे आहे. नापास म्हणजे नापास." मग माझ्याकडे वळून, चाळीस वर्षं वर्गात ज्या आवाजात म्हणत असतील त्याच आवाजात, "पुढच्या वर्षी परत बसायचं."

मी म्हटलं, "बसतो."

मास्तरांनी पाईप तोंडात धरला, रिकामाच, आणि बैठक संपेपर्यंत काढला नाही. हिशेब वाचले गेले, पुढच्या बैठकीची तारीख ठरली, आणि ते आपले कोपऱ्यात बसून माझ्या वाकड्या भोकातून हवा ओढत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. चांगलं नाही, बरं.

घरी आल्यावर हिनं दारातच विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, दोघंही नापास. ती म्हणाली, "मग ठोकळा कधी आणायचा?"

अक्षर मोठं काढल्यामुळे पान पुरलं नाही. एवढी ओळ उद्याच्या पानावर आलीय.